परमुलखातील वाणसामान

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांची मुले-मुली आज परदेशी संसार थाटून आहेत. त्यांना निरोप देताना आपण पंधरा दिवस आधीपासून बॅगा भरू लागतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचे पीठ, लिंबाचे लोणचे. वजन जास्त भरले की एखादी साडी बाहेर निघते, पण लोणच्याची बरणी निघत नाही. हे सामान महिना-दीड महिन्यात संपते. त्यानंतर त्यांचा एक वेगळाच प्रवास सुरू होतो, घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतचा, आणि त्याविषयी आपण फारसे विचारत नाही. गेल्या वर्षी जर्मनीतील म्युनिक शहरात तीन महिने मी तो प्रवास केला. एका डॉक्टरला त्यातून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

चिंचवडमध्ये मी अठ्ठावीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. 'सकस खा, वेळेवर खा, बाहेरचे टाळा' हे वाक्य दिवसातून वीस वेळा तरी माझ्या तोंडून जाते. मात्र स्वतः पिशवी घेऊन वाण्याकडे गेल्याचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. घरचा बाजार पत्नीने केला. मी तो खाल्ला आणि इतरांना खाण्याविषयी उपदेश केला.

माझी मुलगी, जावई आणि चार वर्षांचा नातू सप्टेंबरमध्ये म्युनिकला गेले. जावयाला तेथे नोकरी मिळाली. मुलीने पुण्यातील बँकेची नोकरी सोडली. जानेवारीपासून फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा ओढलेला दिसू लागला. विचारले की म्हणे, "थंडी आहे, बाबा. बाकी काही नाही." पत्नीच्या मातोश्री अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे तिला निघता येईना. शेवटी फेब्रुवारीअखेर नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन मी एकटाच निघालो. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. ताज्या पाल्यालाही कागदपत्रांवाचून प्रवेश नाही. नियम वाचून मी पेढे, साजूक तूप आणि कढीपत्ता बॅगेतून काढायला लावला. पत्नी म्हणाली, "मग तुम्ही तिकडे जाऊन करणार तरी काय?" प्रश्न रास्त होता.

फ्रीजमधील निदान

म्युनिक हे इझार नदीकाठचे नेटके शहर. मी पोहोचलो तेव्हा झाडांना पान नव्हते आणि फुटपाथच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग होते. मुलीचे घर तिसऱ्या मजल्यावर, उबदार आणि स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासाठी दूध घ्यायला फ्रीज उघडला आणि तेथेच माझे अर्धे निदान झाले. पांढरा पाव, चीजच्या चकत्या, टोमॅटो सॉसची बाटली, नातवासाठी गोड दह्याच्या चार डब्या. ओट्यावर केळी आणि पास्त्याची पाकिटे. डाळ नव्हती, पालेभाजी नव्हती, पोळीचा डबा रिकामा होता.

"रात्री काय जेवता?"

"पास्ता. नाहीतर ब्रेड-चीज. याला आवडतं."

"आणि डाळ?"

"संपली. स्टेशनपाशी जावं लागतं, बाबा. जाईन एक दिवस."

तिला खिडकीपाशी बसवून पापणी खाली ओढून पाहिली. आतला भाग फिकट होता. सहा महिन्यांत वजन सहा किलोंनी उतरले होते. मी बाप आहे हे क्षणभर बाजूला ठेवून रुग्णाला विचारावे तसे एकेक विचारत गेलो. झोप कशी, पाळी कशी, चालताना धाप लागते का. सगळी उत्तरे तिने शांतपणे दिली. मग मी सहज म्हटले, "निदान दही तरी खात जा." त्यावर तिचा बांध फुटला. "बाबा, मी बँकेत कोट्यवधींच्या कर्जाच्या फायली तपासत होते. इथे मला साधं दही विकत घेता येत नाही."

मला हसू आले नाही. आजाराचे मूळ रुग्ण असेच, भलत्याच वाक्यात सांगून जातो.

शंभर निर्णयांचे दुकान

त्याच दिवशी आम्ही दुकानात गेलो. घरापासून चारशे पावलांवर मोठे, प्रकाशमान दुकान. दारातच ढकलगाड्या एकमेकींना साखळीने बांधलेल्या. फटीत एक युरोचे नाणे घातले की गाडी सुटते आणि परत लावली की नाणे मिळते. खिशात नाणे नसेल तर तेथूनच परत फिरावे.

दुधाच्या कपाटापुढे उभे राहिल्यावर मुलीचे दुःख मला समजले. पांढऱ्या डब्यांची भिंतच ती. योगुर्ट, क्वार्क, केफिर, स्कीर, बुटरमिल्श, श्मांड. भाषांतर करणारा फोन यांतली निम्मी नावे तशीच परत दाखवतो. पहिल्या आठवड्यात तिने क्वार्क आणले, कारण डब्यावरचे चित्र दह्यासारखे होते. ते निघाले आपल्या चक्क्याचे चुलत भावंड, ताज्या मऊ चीजचा प्रकार. त्याची कढी फुटली. पुढच्या वेळी 'मिल्ड' असे लिहिलेले दही आणले. ते विरजण म्हणून लावले, तर दुधाला आंबटपणा आला नाही, कारण त्या सौम्य प्रकारात जिवाणूंचे मिश्रण वेगळे असते. तिसऱ्यांदा तिने प्रयत्नच केला नाही.

पिठाचे तसेच. तेथे गव्हाच्या पिठाच्या पिशवीवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. शंभर ग्रॅम कोरडे पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख, म्हणजे खनिजे उरतात, ते हा आकडा सांगतो. आकडा लहान तितके पीठ पांढरे आणि कोंडा गेलेले. मुलीने सर्वांत स्वस्त म्हणून ४०५ घेतले होते. तो जवळपास आपला मैदाच. पोळ्या रबरासारख्या झाल्या आणि तिने पोळ्या करणे सोडून दिले. ज्या पिशवीवर आकडा नसून 'फोलकोर्न' असे लिहिलेले असते ते सबंध गव्हाचे पीठ. आमचा प्रयोग असा जमला: निम्मे फोलकोर्न, निम्मे १०५०, पाणी थोडे कमी आणि भिजवून अर्धा तास झाकून ठेवायचे. आपल्या चक्कीचे पीठ जितके पाणी पिते तितके तेथील मऊ गव्हाचे पीठ पीत नाही. पोळी चिंचवडसारखी झाली नाही. पण पोळी झाली.

तुपाची कहाणी मुलीने खाली मान घालून सांगितली. 'बुटरश्माल्त्स' म्हणजे लोणी कढवून केलेले तूप आणि नुसते 'श्माल्त्स' म्हणजे बहुधा डुकराची चरबी. दोन्ही पांढरट, दोन्ही सारख्याच वड्यांत. आमचे घर शाकाहारी. फोडणी झाल्यावर तिने वेष्टन नीट वाचले आणि भाजी कढईसकट बाहेर नेऊन ठेवली. त्यानंतर तीन आठवडे तिने कोणतीही नवी वस्तू घेतली नाही. ज्या पाच-सहा वस्तू ओळखीच्या झाल्या होत्या त्यांवरच घर चालले. तिचे रक्त कमी होण्याचे कारण मला त्या कपाटापुढे सापडले.

वाचकहो, हे नीट ध्यानात घ्या. आपल्या वाण्याकडे आपण 'नेहमीची तूरडाळ द्या' म्हणतो आणि पुढचे सगळे तो पाहतो. परक्या देशात प्रत्येक वस्तू हा एक स्वतंत्र निर्णय होतो, आणि तोही न समजणाऱ्या भाषेत. वीस वस्तूंची यादी म्हणजे शंभर शंका. थकलेले मन मग निर्णय टाळू लागते. आहार आक्रसत जातो आणि त्या पाठोपाठ प्रकृती.

सर्वांत कठीण ठिकाण गल्ल्याचे. पट्ट्यावर आपले सामान मांडायचे आणि मागच्या माणसाच्या सामानापुढे काठी ठेवायची. बाई इतक्या वेगाने वस्तू पुढे सरकवते की आपण पहिली वस्तू पिशवीत घालेपर्यंत दहा वस्तूंचा ढीग होतो. पिशवीत भरून देणारा कोणी नसतो. ती रक्कम सांगते, आकडा कळत नाही, नाणी उलटसुलट होतात, मागे कोणीतरी सुस्कारा सोडतो. एकदा मुलगी निम्मे सामान तसेच टाकून निघून आली होती. तो सुस्कारा तिला महिनाभर ऐकू येत राहिला. यावर उपाय साधा निघाला: जड वस्तू आधी मांडायच्या, सगळे सामान पुन्हा गाडीतच टाकायचे, पैसे द्यायचे आणि खिडकीपाशी जाऊन सावकाश पिशव्या भरायच्या. तेथील लोकही तेच करतात. तिला ते कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

बाटली आणि नळ

घरात बाटलीबंद पाणी येत होते. तिसरा मजला, कडेवर मूल आणि हातात सहा बाटल्यांचा गठ्ठा. त्यातही आधी दोन गठ्ठे सोड्याचे निघाले, कारण तेथे बाटलीबंद पाणी बहुधा बुडबुड्यांचे असते. साधे हवे तर 'श्टिल' हा शब्द शोधावा लागतो. शिवाय प्रत्येक बाटलीमागे २५ सेंट अनामत. रिकामी बाटली दुकानातील यंत्रात घातली की चिठ्ठी येते आणि ती गल्ल्यावर दिली की पैसे मिळतात. एकदाच वापरायच्या बाटल्यांसाठी ही पद्धत २००३ पासून आहे. आपल्याकडे बाटलीवरच 'वापरानंतर चुरगाळा' असे छापलेले असते. मुलगी इमानाने चुरगाळीत होती आणि यंत्र चुरगाळलेली बाटली घेईना. चार महिने तिने पैसे कचऱ्यात टाकले.

मी चौकशी केली तेव्हा कळले की म्युनिकच्या नळाला येणारे पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या मांगफाल खोऱ्यातून येते आणि ते उत्तम प्रतीचे समजले जाते. त्या दिवसापासून बाटल्या बंद झाल्या आणि तिची पाठदुखीही आठवडाभरात थांबली. आयुष्यात मी दिलेल्या चांगल्या औषधांत त्या नळाची गणना करतो.

बाजारपेठा दोन

मार्चच्या मध्यात ऊन पडू लागले. आम्ही शहराच्या मध्यभागी विक्टुआलिएनमार्क्टला गेलो. १८०७ साली राजाने मुख्य चौकातला गजबजलेला बाजार या जागी हलवला, तेव्हापासून तो येथे भरतो आहे. मध्ये निळा-पांढरा उंच खांब, भोवती फुले, भाज्या, मध आणि लोणच्यांच्या टपऱ्या. मी सवयीने टोमॅटो दाबून पाहिला. विक्रेतीने 'नाइन!' असे ठणकावले आणि मी हात मागे घेतला. तेथे ग्राहकाने माल हाताळायचा नसतो; विक्रेता निवडून देतो. मग तिने मुलीला काहीतरी विचारले. मुलगी थांबली, मनात शब्द जुळवले आणि म्हणाली, "फ्यूर होइटे." आजच्यासाठी. विक्रेतीने मान हलवली आणि चार पिकलेले टोमॅटो निवडले. आज खायचे की उद्या, यावरून ती फळाची पक्वता ठरवीत होती. पिशवी घेताना मुलीचा चेहरा मी पाहिला. सहा महिन्यांत बाजारात कोणी तिला प्रश्न विचारला होता आणि तिला उत्तर देता आले होते.

दुसरी बाजारपेठ मुख्य रेल्वे स्थानकाच्या दक्षिणेकडील गल्ल्यांत. तेथे तुर्की, अरबी आणि भारतीय दुकाने शेजारीशेजारी आहेत. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला आणि पुढे लाखो माणसे आली. आज माझ्या मुलीला पडलेले प्रश्न त्यांच्या बायकांनाही पडले असणार. त्यांची उत्तरे म्हणजे ही दुकाने. हातभर लांब कोथिंबिरीच्या जुड्या, पुदिना, भेंडी, छोले, मसूर, आणि विरजणाला चालेल असे आंबट, घट्ट दही. मेथीची जुडी पाहून मुलगी ती हुंगत उभी राहिली. मी दुसरीकडे पाहू लागलो.

तुपाचाही प्रश्न सुटला. तेथे लोण्याचे तीन मुख्य प्रकार मिळतात. त्यांतले 'झाउअरराम' म्हणजे आंबवलेल्या सायीचे. ते मंद आचेवर कढवल्यावर घरभर तोच वास पसरला, जो चिंचवडला विरजलेल्या सायीचे लोणी कढवताना पसरतो. पत्नीला फोनवर सांगितले तर तिचा विश्वास बसेना.

रविवारचे कुलूप

जर्मनीत रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकाने बंद असतात. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील रविवारच्या विश्रांतीचे कलम १९४९ च्या राज्यघटनेतही कायम ठेवले आहे. बवेरिया राज्यात इतर दिवशीही दुकाने साधारण रात्री आठला बंद होतात. बेकऱ्या, पेट्रोल पंप, स्थानकातील दुकाने यांना सवलत आहे. पहिल्या रविवारी मला हे जाचक वाटले. चौथ्या रविवारी नदीकाठी निवांत फिरणारी कुटुंबे पाहून त्यातले आरोग्य जाणवले. पण त्या कुलपाची दुसरी बाजू ईस्टरच्या वेळी पाहायला मिळाली.

शुक्रवारी सुट्टी, शनिवारी दुकाने उघडी, रविवार-सोमवार पुन्हा बंद. शनिवारी रात्री अकराला नातवाला ताप भरला, १०२.६. औषधाची बाटली शोधली तर ती भारतातून आणलेली, मुदत संपलेली. मी म्हटले, "खालच्या दुकानातून पॅरासिटामॉल आणतो." जावई म्हणाला, "बाबा, इथे साध्या दुकानात ते मिळत नाही." खरेच होते. साबण, जीवनसत्त्वे, सर्दीचा चहा विकणारी दुकाने वेगळी आणि औषधाची 'आपोटेके' वेगळी. लाल रंगातील मोठा 'ए' आणि त्यात चषक व साप ही तिची खूण. पॅरासिटामॉल आपोटेकेतच मिळते, आणि ५०० मिलिग्रॅमच्या वीस गोळ्यांपेक्षा मोठे पाकीट असेल तर २००९ पासून डॉक्टरची चिठ्ठी लागते. या औषधाचा अतिरेक यकृताला घातक ठरतो म्हणून ही मर्यादा.

जवळच्या आपोटेकेच्या दारावर त्या रात्री कोणते दुकान पाळीवर आहे त्याची सूचना होती. मी आणि जावई दोन किलोमीटर चालत तेथे गेलो. दार बंद, घंटा वाजवली तेव्हा छोटी खिडकी उघडली. मी इंग्रजीत म्हणालो, "मी डॉक्टर आहे, मुलासाठी पॅरासिटामॉल सिरप हवे." औषधविक्रेती हसली आणि तिने विचारले, "मुलाचे वजन किती?" मी पुन्हा डॉक्टर असल्याचे सांगितले. तिने पुन्हा वजन विचारले. सोळा किलो. दुसरे कोणते औषध दिले आहे का, शेवटचा डोस कधी, हेही विचारले. मग खोक्यावर लिहिले: ६ मिलिलिटर, दोन डोसांत किमान सहा तास. रात्रीच्या सेवेचे अडीच युरो जास्त घेतले. मनातून मी नाराज होतो. माझ्या दवाखान्यात मला असे कोणी विचारीत नाही.

घरी आल्यावर मुलीने बाटली उघडली. "दहा मिलि ना, बाबा? तिकडे तेवढंच द्यायचो." मी लगेच म्हणालो, "हो, दहा."

वाचकहो, ते 'हो' आजही माझ्या कानात आहे. मोजपात्र अर्धे भरल्यावर जावयाने खोक्यावरचा आकडा दाखवला. मी चष्मा लावला. आपल्याकडच्या ज्या सिरपची मुलीला सवय होती, त्यात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते. दहा मिलिलिटरमध्ये २४०, सोळा किलोच्या मुलाला योग्य तेवढेच. जर्मनीतील त्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम होते. दहा मिलिलिटर दिले असते तर ४०० मिलिग्रॅम गेले असते, आणि दर सहा तासांनी तेच देत राहिलो असतो. एकच औषध, पण चमच्यातले प्रमाण देशागणिक वेगळे. आपल्याकडेही १२० आणि २५० अशा दोन शक्तींची सिरपे दुकानात शेजारी असतातच. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव त्या रात्री मिलिलिटरमध्ये बोलला, मिलिग्रॅममध्ये नव्हे. पहाटेपर्यंत ताप उतरला. सोमवारी मी त्या खिडकीपाशी जाऊन आभार मानायचे ठरवले. पण सोमवारी पाळी दुसऱ्या दुकानाची होती.

निघणाऱ्यांसाठी काही गोष्टी

ज्यांची मुले नव्या देशी जात आहेत त्यांनी एवढे करावे. लोणच्याच्या बरणीसोबत एक कागद द्यावा. त्यावर घरातल्या प्रत्येकाचे वजन, नेहमीच्या औषधांची मूळ नावे आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहावी. कंपनीचे नाव तेथे कोणी ओळखेलच असे नाही. तेथे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळचे औषधाचे दुकान आणि तातडीचे क्रमांक पाहून ठेवावेत. जर्मनीत आणीबाणीला ११२ आणि दवाखाने बंद असताना डॉक्टरसाठी ११६११७.

मीठ वाचून घ्यावे. आपल्याकडे २००६ पासून थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आहे, त्यामुळे आपण पाकीट पाहत नाही. जर्मनीत दोन्ही प्रकारची मिठे शेजारी असतात. मुलीने सुंदर वेष्टन पाहून सहा महिने आयोडीन नसलेले समुद्रमीठ वापरले होते. काही मिठांत फ्लोराइडही असते. मुलाला फ्लोराइडची गोळी चालू असेल तर बालरोगतज्ज्ञांना तसे सांगावे. म्युनिकसारख्या उत्तरेकडील शहरात हिवाळ्यातील उन्हातून ड जीवनसत्त्व पुरेसे बनत नाही, आणि शाकाहारी माणसाला ब-१२ ची उणीव सहज होते. जाऊन सहा महिने झाले की रक्त तपासून घ्यावे. मुलीच्या तपासणीत हिमोग्लोबिन, ब-१२ आणि ड ही तिन्ही कमी निघाली. तेथील कुटुंबवैद्यांनी औषधे सुरू केली. ताटाचे काम आम्ही पाहिले.

आणि दर आठवड्याला एकच नवी वस्तू आणावी. आवडली तर यादीत लिहावी, फसली तर हसावे. फोनवर मुलांना 'जेवलीस का?' एवढेच विचारू नये. 'आज बाजारात काय मिळालं?' असेही विचारावे. त्याच्या उत्तरातून अधिक कळते.

पुन्हा चिंचवड

मेअखेर मी परतलो. माझ्या दवाखान्यात कारखान्यांत काम करणाऱ्यांची कुटुंबे येतात. त्यांत बिहार-उत्तर प्रदेशातील पुष्कळ. जूनमध्ये बिहारमधील एक तरुण आई आली. तिला मी जानेवारीतही पाहिले होते. तेव्हा रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या होत्या आणि 'नाचणी खा, पालेभाज्या खा' असे लिहून दिले होते. तिने मान डोलावली होती. आताही हिमोग्लोबिन तेवढेच होते.

पूर्वी मी रागावलो असतो. या वेळी खुर्ची थोडी पुढे घेऊन हिंदीत विचारले, "सामान कहाँ से लाती हो?" ती गडबडली. मग हळूहळू सांगू लागली. कोपऱ्यावरच्या दुकानात जाते. पाट्या मराठीत, त्यामुळे समोर दिसते तेच मागते. तांदूळ, बटाटे, मैद्याची बिस्किटे. नाचणी म्हणजे काय, हे तिला कळलेच नव्हते. विचारायची लाज वाटली. मी शेजारच्या वाण्याकडून मूठभर नाचणी मागवून तिच्या हातावर ठेवली.

तिने दाणे बोटांनी पसरले आणि तिचा चेहरा उजळला. "ई त मडुआ है!"

तिच्या चिठ्ठीवर मी आधीचा 'नाचणी' हा शब्द खोडला, देवनागरीत 'मडुआ' लिहिले, आणि त्याखाली वाण्याच्या दुकानाची खूण.